आधी कथा, मग पुस्तक: बायबलच्या कथांचा आजचा अर्थ शोधण्याची सहा आठवड्यांची रीत

सोलापुरातल्या आमच्या बुधवारच्या गृहसभेत एक मावशी येतात. आयुष्यभर विड्या वळल्या आहेत. सभेलाही सूप मांडीवर घेऊनच बसतात. भिजवून कापलेली तेंदूची पानं, चिमूटभर तंबाखू, दोऱ्याची रीळ. कान वचनाकडे आणि बोटं कामात. मागच्या पावसाळ्यात आम्ही मत्तयच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला वाचत होतो. पहाटेपासून राबलेल्याला एक दीनार आणि दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्यालाही एकच दीनार. देवाच्या कृपेवर काय बोलायचं ते मी आदल्या रात्री लिहून काढलं होतं. मावशींनी हात न थांबवता विचारलं, "त्या मालकाकडं कारभारी होता नव्हं?"

होता. आठव्या वचनात आहे, मजुरी वाटायला तोच येतो.

"मग माणसं बघायला मालक पाच वेळा स्वतः कशाला गेला?"

इतकी वर्षं शब्बाथ शाळेत हा दाखला शिकवते आहे, पण ही गोष्ट माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती. घरी येऊन केनेथ बेली यांचं पुस्तक काढलं. बेली चाळीसेक वर्षं मध्यपूर्वेत राहून शिकवत होते. त्यांनीही या दाखल्यात नेमकं तिथंच बोट ठेवलं आहे: कारभारी असताना मालक स्वतः बाजारात जातो, पुन्हा पुन्हा जातो आणि उरलेल्यांना विचारतो की तुम्ही दिवसभर इथं रिकामे का उभे आहात. मावशींनी बेलींचं नावही ऐकलेलं नाही. त्यांना हे दिसलं, कारण त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते, खराब निघालेल्या विड्या बाजूला काढल्या जातात, आणि कोण रिकाम्या हातानं घरी गेलं ते बघायला मालक कधी आलेला त्यांना आठवत नाही.

त्या बुधवारनंतर आम्ही वाचायची रीत बदलली. आधी मी पुस्तकातला अर्थ घेऊन सभेला जायचे. आता कथा आधी येते, माणसं तिच्याभोवती बसतात आणि पुस्तक तिसऱ्या आठवड्यात दार ठोठावतं. या रीतीला सहा आठवडे लागतात. एकट्यानंही करता येते, पण चार-सहा जण असले तर फार बरं.

पहिली पायरी: खटकणारी कथा निवडा

पुस्तकांच्या कपाटापासून सुरुवात करू नका. आधी कथा ठरवा, एकच. आवडती कथा इथं फारशी उपयोगाला येत नाही, कारण तिचा अर्थ आपल्याला पाठ असतो आणि पाठ असलेलं आपण ऐकत नाही. जी वाचताना मनात कुरकुर होते ती घ्या. अब्राहामाच्या दासीला, हागारेला, लेकरासकट भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन रानात काढून दिलं, ते का? निनवे नगरी नाशातून वाचली म्हणून योना चिडून का बसला? वाटणी उधळून घरी परतलेल्या धाकट्याच्या, म्हणजे उधळ्या पुत्राच्या, थोरल्या भावाचं नेमकं चुकलं काय?

एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर तारीख घालून ती कुरकुर एका वाक्यात लिहा. "देवाची प्रीती कशी असते" हा उपदेशाचा विषय झाला. "दिवसभर उन्हात राबलेल्याला वाईट वाटलं तर त्यात त्याचा काय दोष" हा वाचणाऱ्याच्या पोटातला प्रश्न. दुसऱ्या प्रकारचा लिहा.

दुसरी पायरी: मराठीत, मोठ्यानं, तीन वेगळ्या दिवशी

पहिले दोन आठवडे पुस्तकाला हात लावायचा नाही. कथा मोठ्यानं वाचायची. आमच्या सभेत दोघीतिघींना वाचता येत नाही, म्हणून ही सवय लागली. आता वाटतं की सगळ्यांनीच असंच वाचावं. डोळे ओळीवरून घसरतात, जीभ घसरत नाही.

दोन भाषांतरं समोर ठेवा. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र बहुतेक घरांत असतंच. त्याच्या जोडीला पंडिता रमाबाईंचं भाषांतर मिळालं तर जरूर बघा. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अखेरपर्यंत भाषांतराचं काम करत राहिल्या, एप्रिल १९२२ मध्ये गेल्या आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झालं. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव स्टेशन लागतं. गाडी तिथं थांबो न थांबो, मी खिडकीतून बघते. एका बाईनं अख्खं शास्त्र मूळ भाषांवरून मराठीत आणलं, ते आपल्या याच लोहमार्गावर. दुसरं आहे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल', ज्याला भाषांतरासाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हेच दिब्रिटो २०२० साली आपल्या शेजारच्या धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. दोन भाषांतरांत जिथं शब्द वेगळा पडतो तिथं पेन्सिलीनं खूण करा. भाषांतरकाराला तिथं थांबून विचार करावा लागला होता, आपणही थांबावं.

वाचून झालं की वहीत चार गोष्टी लिहायच्या: कोण बोलतं, कोण गप्प आहे, हातांनी काय केलं जातं, पैसा किंवा धान्य कुणाकडून कुणाकडं जातं. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या कथेवरची माझी नोंद अशी होती: थोरला भाऊ "तुझा हा मुलगा" म्हणतो, "माझा भाऊ" म्हणत नाही. बाप उत्तरात "हा तुझा भाऊ" म्हणतो. आई कुठंच नाही. थोरला शेतातून घराजवळ येतो तेव्हा वाजंत्री चालू आहे आणि काय चाललंय हे त्याला एका चाकराकडून कळतं.

अर्थ मात्र या दोन आठवड्यांत लिहायचा नाही. एकदा लिहिला की पुढचे सगळे दिवस आपण त्याचीच राखण करत बसतो.

तिसरी पायरी: पुस्तक निवडणं

आता पुस्तक. आजच्या ख्रिस्ती पुस्तकांचा ढीग मोठा आहे आणि त्यातली पुष्कळशी एकसारखीच आहेत: कथेतून तीन धडे, शेवटी प्रार्थना. मनाला उभारी द्यायला ती ठीक. कथेत आत शिरायचं असेल तर मी तीन तऱ्हेची पुस्तकं शोधते.

एक, त्या काळचं सांगणारी. बेली यांचं २००८ साली आलेलं 'जीझस थ्रू मिडल ईस्टर्न आईज' या तऱ्हेचं. मळा, विहीर, पंगत, पाहुण्याची खोली, शेतमजुरी यांविषयी वाचताना आपल्याकडच्या खेड्याची आठवण होते. त्याच्या शेजारी एमी-जिल लिवाइन यांचं २०१४ चं 'शॉर्ट स्टोरीज बाय जीझस' ठेवा. लिवाइन स्वतः यहुदी आहेत आणि नवा करार शिकवतात. येशूला उजळ दाखवायचं म्हणून आपण ख्रिस्ती लोक त्याच्या काळच्या यहुद्यांना उगाच काळं फासतो, हे त्या पानोपानी दाखवून देतात. मला ते आधी बोचलं. मग माझे जुने धडे काढून पाहिले आणि त्यातले निदान चार नव्यानं लिहावे लागले.

दोन, स्वतःच्या मनात डोकवायला लावणारी. इथं हेन्री नौवेन यांचं 'द रिटर्न ऑफ द प्रॉडिगल सन' माझ्या हातून सुटत नाही. १९९२ चं पुस्तक. नौवेन हे डच कॅथलिक धर्मगुरू. येल आणि हार्वर्डला शिकवत होते, ते सोडून कॅनडात बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांच्या घरात राहायला गेले. रेम्ब्रांट या चित्रकारानं आयुष्याच्या अखेरीस उधळ्या पुत्राच्या परतण्याचं चित्र काढलं. त्याची छापील प्रत त्यांनी १९८३ मध्ये पाहिली आणि तीन वर्षांनी ते मूळ चित्रासमोर जाऊन बसले. ते चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे. बापाचे दोन्ही हात पोराच्या पाठीवर आहेत आणि दोन्ही सारखे नाहीत. एक रुंद आणि भक्कम, दुसरा नाजूक. एक बापाचा, एक आईचा, असं नौवेन वाचतात. माझ्या वहीतल्या "आई कुठंच नाही" या ओळीपुढं मी त्या दिवशी प्रश्नचिन्ह टाकलं. पुस्तक आधी धाकट्याच्या जागी बसून लिहिलंय, मग थोरल्याच्या आणि शेवटी बापाच्या. या तिन्ही जागा माझ्याच आहेत, हे लेखकाच्या सावकाश कळत जाण्याबरोबर आपल्यालाही कळत जातं.

तीन, वेशीबाहेरून वाचणारी. अरविंद निर्मल हे आपल्या महाराष्ट्रातले. त्यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात केलेल्या भाषणापासून दलित ईश्वरविज्ञानाची सुरुवात मानली जाते. त्यांनी बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २६व्या अध्यायातली कबुली हाती घेतली, ज्यात इस्राएल आपला पूर्वज भटका अरामी होता हे देवासमोर मोठ्यानं सांगतो. तसंच आपणही आपले पूर्वज कोण होते, त्यांना कुठं उभं राहू दिलं जात नव्हतं हे सांगावं, असं निर्मल म्हणतात. आपल्या मंडळ्यांत ही गोष्ट किती घरांत झाकून ठेवलेली आहे, ते आपल्याला ठाऊक आहे. बायांच्या कथांसाठी फिलिस ट्रिबल यांचं १९८४ चं 'टेक्स्ट्स ऑफ टेरर' आहे. हागारेवरचं प्रकरण एका बैठकीत वाचू नका, जड जातं. आणि शेतकऱ्याशी बोलायचं असेल तर कोसुके कोयामा. हे जपानी गृहस्थ उत्तर थायलंडमध्ये मिशनरी होते. उपदेशाला जाताना भातखाचरातल्या म्हशी बघून त्यांना पटलं की आपलं बोलणं या चिखलात उभं राहिलं पाहिजे. त्यांच्या १९७४ च्या पुस्तकाच्या नावातच म्हैस आहे.

यातली बरीच पुस्तकं इंग्रजीतच वाचावी लागतात. ती अडचण आहे, पण अडून बसण्याएवढी नाही. अख्खं पुस्तक वाचायचंच नाही. आपल्या कथेवरचं एक प्रकरण, फार तर तीस पानं. ज्याला इंग्रजी जमतं त्यानं ते वाचावं आणि सभेत स्वतःच्या मराठीत सांगावं. वाचून दाखवू नये, सांगावं. सांगताना जे सांगता येत नाही ते आपल्याला समजलेलं नसतं. पुस्तक विकत घेण्याआधी आपल्या पाळकसाहेबांचं कपाट बघा, तिथं अनेकदा सापडतं. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या ठिकाणी चांगली ग्रंथालयं आहेत. आधी विचारून, परवानगी घेऊन जावं.

चौथी पायरी: पेन्सिल हातात घेऊन वाचा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

समासात तीन खुणा करायच्या. लेखक जे सांगतो ते वचनातच असेल तर 'व'. त्या काळचा इतिहास किंवा भाषेचा मुद्दा असेल तर 'इ'. लेखकाचं स्वतःचं म्हणणं असेल तर 'म'. मत वाईट नसतं. नौवेन यांचं अर्धं पुस्तक 'म' आहे आणि त्यासाठीच ते वाचायचं. घोटाळा होतो तो 'म' ला 'इ' समजल्यानं.

एक उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असेल. श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणाला. त्यावर कितीतरी पुस्तकांत आणि उपदेशांत येतं की यरुशलेमेच्या तटाला 'सुईचं नाक' नावाचा छोटा दरवाजा होता. उंटावरचं ओझं उतरवलं आणि उंट गुडघ्यावर आला की तो आत जायचा. ऐकायला फार गोड. पण येशूच्या काळी असा दरवाजा असल्याचा काहीही पुरावा नाही. हे स्पष्टीकरण कित्येक शतकांनंतर मध्ययुगात दिसू लागतं. मीही हे शिकवलं आहे, रंगवून शिकवलं आहे. दरवाजा काढून टाका आणि मार्कचा दहावा अध्याय पुन्हा वाचा. शिष्य थक्क होतात आणि विचारतात, मग तारण तरी कुणाचं होणार? गुडघे टेकून जाता आलं असतं तर ते थक्क झालेच नसते. खोटा इतिहास कथेचा काटा काढून टाकतो, तो असा.

दुसरं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच तपासता येतं. योहानाच्या १५व्या अध्यायात येशू म्हणतो, मी द्राक्षवेल आणि माझा पिता माळी. फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो. काही आधुनिक पुस्तकं म्हणतात की इथल्या 'आइरेइ' या ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'उचलतो' असाही आहे. म्हणजे माळी खाली लोंबणारा फाटा उचलून बांधतो, तोडत नाही. शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत, हे खरं. मी नान्नजकडच्या एका बागायतदार काकांना विचारलं. ते म्हणाले, "दोन्ही करतो. फुटवे तारेला बांधतो, आणि एप्रिलमधली खरड छाटणी, ऑक्टोबरमधली फळछाटणी, त्यात कात्रीच चालते." म्हणजे शेती दोन्ही अर्थांना वाट देते. मग वाक्याकडं जावं लागतं. पुढच्या भागात 'काथाइरेइ' आहे, फळणाऱ्या फाट्याची छाटणी. 'आइरेइ' आणि 'काथाइरेइ' असा नादाचा मेळ आहे. सहाव्या वचनात तर फाटा बाहेर टाकला जातो, वाळतो आणि जाळला जातो. बहुतेक भाषांतरांनी 'काढून टाकतो' घेतलं त्याला हे कारण आहे. 'उचलतो' हा अर्थ मनाला दिलासा देतो हे मी समजू शकते. पण दिलासा मिळतो म्हणून अर्थ निवडू नये.

तिसरं, दोन चांगले लेखक एकमेकांशी न जुळणं. परतणाऱ्या उधळ्या पुत्राकडं बाप धावत गेला याला बेली फार महत्त्व देतात: त्या काळचा प्रतिष्ठित वडीलधारा माणूस चारचौघांत धावत नसे, झगा सावरून धावणं लाजिरवाणं, म्हणजे बापानं पोरासाठी लाज पत्करली. लिवाइन यांना हे पटत नाही. हरवलेलं लेकरू दिसल्यावर कुठलाही बाप धावेल, त्यात यहुदी श्रोत्यांना धक्का बसण्यासारखं काही नव्हतं, असं त्या म्हणतात. त्या दुसरीकडं लक्ष वेधतात. याच अध्यायात आधी मेंढपाळ शंभर मेंढरं मोजतो, मग बाई दहा नाणी मोजते, म्हणून दोघांना हरवलेलं कळतं. बापाला दोनच मुलगे, पण मेजवानी सुरू झाली तरी थोरला आला नाही हे त्याच्या ध्यानात येत नाही.

अशा वेळी घाईनं एक बाजू घेऊ नका. वहीचं पान मधोमध दुमडा, एकेकाचं म्हणणं एकेका बाजूला लिहा आणि प्रत्येकाखाली वचनाचा आकडा घाला. ज्याच्याखाली आकडा घालता येत नाही ते म्हणणं कच्चं आहे.

पाचवी पायरी: कथा सोलापुरात आणा

इथं आपण सगळे घाई करतो. शोमरोन्याऐवजी कोण, यरीहोच्या वाटेऐवजी पुणे हायवे, पांथशाळेऐवजी सरकारी दवाखाना, झाला आजचा अर्थ. लुटारूंनी वाटेवर टाकलेल्या माणसाला शोमरोनी परका उचलतो, तो चांगल्या शोमरोन्याचा धडा मी असाच घेतला होता, अपघात झालेल्याला मदत करा म्हणून. तरुण संघातला एक मुलगा नंतर जवळ येऊन म्हणाला, "ताई, हे तर आम्हाला शाळेत नागरिकशास्त्रात होतं." त्याचं बरोबर होतं. ऐकणाऱ्या यहुद्यासाठी शोमरोनी हा परका, नकोसा, पिढ्यान्‌पिढ्यांचा वैरी. वाटेवर अर्धमेला पडलेला मी आहे, आणि ज्याचा हात लागू नये असं मला वाटतं तोच हात मला उचलतो आहे. आता हा दाखला घेताना मी प्रत्येकाला कागदाचा तुकडा देते. ज्याच्याकडून मदत घ्यायला जीव नको म्हणेल अशा माणसाचं नाव किंवा समाजाचं नाव लिहायचं, घडी घालून खिशात ठेवायची आणि कुणालाही दाखवायची नाही. मग दाखला पुन्हा वाचतो. खोलीत जी शांतता होते ती मी कुठल्या उपदेशात अनुभवलेली नाही.

म्हणजे नावं बदलू नका, नाती ओळखा. कोण कुणावर अवलंबून आहे, कोणाला कुणाची भीती आहे, कोणाच्या हातात काय आहे, हे जुळलं पाहिजे.

रूथच्या कथेत हे आमच्यासाठी सगळ्यात सहज जुळलं. मराठी शास्त्रात सासूबरोबर परमुलखात आलेली विधवा रूथ 'सरवा' वेचायला जाते. हा शब्द पुण्या-मुंबईच्या पोरांना समजावून सांगावा लागतो. आमच्या सभेत मंगळवेढ्याच्या माहेरवाशिणी आहेत. मालदांडी ज्वारीची काढणी झाली, कणसं खुडून झाली, पेंढ्या बांधून झाल्या की रानात पडून राहिलेली कणसं वेचायला बाया जायच्या. मालक चांगला असेल तर ओटीभर मिळायचं, नसेल तर शिव्या. एकीनं सांगितलं की तिची आई सरव्याला जाताना धाकट्या मुलींना नेत नसे, आणि त्याचं कारण ज्वारी नव्हतं.

हे ऐकल्यावर दुसऱ्या अध्यायाचं नववं वचन वेगळंच ऐकू आलं. तुला हात लावू नये म्हणून मी गड्यांना ताकीद दिली आहे, असं शेताचा मालक बवाज रूथला सांगतो. म्हणजे ताकीद द्यावी लागत होती. ही कथा आपण लग्नात वाचतो, "तू जाशील तिकडं मी येईन" एवढंच घेतो, तेही एका सुनेनं सासूला म्हटलेलं. ट्रिबल यांनी १९७८ च्या त्यांच्या पुस्तकात रूथवर लिहिताना म्हटलंय की रूथचा निर्णय अब्राहामापेक्षाही मोठा आहे. अब्राहामाला देवानं हाक मारली होती, वचन दिलं होतं, बायको बरोबर होती. रूथला कुणी हाक मारली नाही. हे प्रकरण मी सभेत सांगितलं तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात उसतोडीला जाऊन आलेली एक सून हळूच म्हणाली, "आम्हालाबी कुणी हाक मारत नाही. उचल घेतलेली असते म्हणून जातो."

त्या आठवड्याचे प्रश्न आपोआप तयार झाले. बायबलमधल्या 'लेवीय' या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात नियम आहे की शेताच्या कडेचं पीक कापायचं नाही, ते गरिबाचं आणि परक्याचं. ज्याला शेत नाही त्याच्या कमाईची कड कुठली? एका किराणा दुकानदार बांधवांनी उधारीची वही काढून विचार केला. काय ठरवलं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दुसरा प्रश्न कामावरच्या बायांच्या सुरक्षिततेचा होता आणि तो मंडळीच्या कमिटीपर्यंत गेला. बवाजानं दुपारी दिलेलं भाजलेलं धान्य, आपल्या भाषेत हुरडाच, रूथनं पोटभर खाल्लं आणि उरलेलं सासूसाठी बांधून आणलं. यावर काही बोलायची गरज पडली नाही. पदराच्या गाठीत लाडवाचा तुकडा बांधून आणलेली आई सगळ्यांनाच आठवली.

सहावी पायरी: मिळून वाचा

सत्तरच्या दशकात निकाराग्वाच्या एका सरोवरातल्या सोलेंतिनामे बेटांवर एर्नेस्तो कार्देनाल हे कवी-पाद्री कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना घेऊन दर रविवारी शुभवर्तमान वाचायचे. उपदेशाऐवजी गप्पा. त्या गप्पांचंच पुढं पुस्तक झालं. त्यातली सगळी मतं मला पटत नाहीत, पण रीत पटते: वचन वाचायचं आणि ज्यांच्या जगण्याबद्दल ते आहे त्यांना आधी बोलू द्यायचं.

सहा ते आठ माणसं पुरेत. पाळकसाहेब असतील तर त्यांनी शेवटी बोलावं, अशी विनंती आधीच करून ठेवा. आमच्या पाळकसाहेबांनी ती मनापासून मानली. चहा मध्ये नको, शेवटी ठेवा. आणि आपल्या सोलापुरात एक देणगी आहे जी दुसरीकडं सहज मिळत नाही: एकाच खोलीत मराठी, तेलुगू आणि कन्नड बायबल. ती तिन्ही उघडा.

उधळ्या पुत्राच्या बुधवारी शहराच्या पूर्व भागातल्या एक अक्का पहिल्यांदा आल्या होत्या. घरी तेलुगू बोलतात, बायबलही तेलुगू. मी कथेचं नाव सांगितल्यावर त्या गोंधळल्या. त्यांच्याकडं हा 'तप्पिपोयिन कुमारुडु', म्हणजे हरवलेला, वाट चुकलेला मुलगा. आम्ही सगळे एकदम गप्प झालो. मराठीत आपण त्याला नाव ठेवतानाच हिशेब मांडलाय: त्यानं उधळलं. तेलुगूत त्याचा हिशेब नाही, तो फक्त घरी नाही. ज्यांचा मुलगा वाटणी मागून पुण्याला गेला आणि दोन वर्षं फोन करत नाही, त्या काकू तिथंच बसल्या होत्या. त्यांनी अक्कांना तो शब्द पुन्हा म्हणायला लावला, दोनदा.

शेवटच्या आठवड्यात वहीचं पहिलं पान उघडा. लिहिलेली कुरकुर वाचा आणि तिच्याखाली आज काय वाटतं ते लिहा. ती मिटलेली नसेल तर तसंच लिहा. त्या आठवड्यात करायची एक गोष्ट ठरवा, हातानं करण्यासारखी, कुणाला फोन, कुणाचे पैसे, कुणाच्या घरी जाणं. मग कथेचा शेवट बघा. बायबलच्या कितीतरी कथा अर्ध्यातच थांबतात. योनाची कथा देवाच्या प्रश्नावर संपते. थोरला भाऊ मेजवानीला आत गेला की बाहेरच राहिला, ते लूक सांगत नाही. जिथं कथा थांबते तिथून पुढची दोन वाक्यं प्रत्येकानं लिहायची, हे आमचं शेवटचं काम असतं.

विड्या वळणाऱ्या मावशींना लिहिता येत नाही. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि सांगितलं. मी लिहून घेतलं: बाप परत आत गेला नाही, पायरीवर थोरल्याशेजारी बसून राहिला. मग आतून धाकटा दोन ताटं घेऊन बाहेर आला.